कुत्र्याच्या दातांची सफाई दवाखान्यात करून घेताना : सोलापूरकरांसाठी पायरीपायरीने माहिती

कुत्रा पाळणाऱ्या बहुतेक घरांत लसीकरणाच्या तारखा तोंडपाठ असतात आणि गोचिडांवर कोणते औषध लागू पडते यावर प्रत्येकाचे स्वतंत्र मत असते. दातांची सफाई मात्र दवाखान्यात करून घ्यावी लागते हे तोंडाचा वास असह्य झाल्यानंतरच अनेकांना कळते. आमच्या बंड्याचे, म्हणजे आठ वर्षांच्या पांढऱ्या स्पिट्झचे, दात सोलापुरातच साफ करून घेतले, तेव्हा जी माहिती वेगवेगळ्या लोकांकडून तुकड्यातुकड्याने गोळा करावी लागली, ती येथे क्रमाने मांडत आहे. प्रथमच या वाटेला जाणाऱ्याने एक गोष्ट आधी मनाशी पक्की करावी: दाताचा दिसणारा भाग पांढरा करणे हे या कामातले दुय्यम काम आहे आणि खरे काम हिरडीच्या कडेखाली, बाहेरून न दिसणाऱ्या जागेत चालते. भूल का लागते, रक्त का तपासायचे, डॉक्टरांना काय विचारायचे आणि खर्च कशाचा होतो, हे सारे त्यावरूनच ठरते.

१. आधी घरी तोंड पाहून घ्या

प्रौढ कुत्र्याला ४२ दात असतात, वर २० आणि खाली २२. ते पाहण्यासाठी जबडा उघडण्याची गरज नाही. कुत्र्याला शेजारी बसवून एका हाताने डोके स्थिर धरावे आणि दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने वरचा ओठ मागच्या बाजूने वर उचलावा. सर्वांत आधी पाहायची ती वरच्या जबड्यातली मोठी, धारदार दाढ, कारण लाळेच्या एका मोठ्या ग्रंथीची नळी तिच्या समोरच गालात उघडते आणि कीटण, म्हणजे दातांवर साचणारा कडक थर, तेथेच लवकर व जाड साचते. बंड्याचे पुढचे बारीक दात जवळजवळ स्वच्छ होते, पण ओठ मागे ओढल्यावर त्या दाढेचा वरचा अर्धा भाग हिरवट-तपकिरी कवचाखाली गेलेला दिसला आणि कवचाला लागून हिरडीवर गडद लाल रेघ होती. फक्त पुढचे दात पाहून “आमच्याचे दात चांगले आहेत” म्हणणारे बहुतेक जण ही दाढ कधी पाहतच नाहीत.

वास, हिरडीचा लालपणा, खेळण्यावर रक्ताचा डाग, एकाच बाजूने चावणे, तोंडातून दाणे खाली सांडणे, पंजाने तोंड घासणे, यांपैकी काहीही आढळल्यास डॉक्टरांना दाखवावे. दोन लक्षणे विशेष फसवी आहेत. डोळ्याच्या खाली अचानक आलेली सूज ही माशी चावल्याची किंवा डोळ्याच्या आजाराची वाटते, परंतु पुष्कळदा ती वरच्या मोठ्या दाढेच्या मुळाशी झालेल्या गळवाची असते. तसेच वारंवार शिंका येणे आणि एकाच नाकपुडीतून पाणी किंवा पू येणे, यामागे वरच्या सुळ्याच्या मुळाशी हाड झिजून तोंड आणि नाक यांच्यामध्ये पडलेले भोक असू शकते.

“खातोय व्यवस्थित, म्हणजे दुखत नसणार” हा समज मात्र पूर्णपणे सोडून द्यावा. दात हलत असले, मुळाशी पू झाला असला, तरी कुत्रा जेवण सोडत नाही. तो दुसऱ्या बाजूने चावतो किंवा न चावता गिळतो.

पिल्लू असेल तर पाहायची गोष्ट वेगळी. सहा-सात महिन्यांपर्यंत दुधाचे सगळे दात पडून पक्के दात यायला हवेत. स्पिट्झ, पॉमेरेनियन, शित्झू अशा लहान जातींत दुधाचा सुळा तसाच राहून शेजारी पक्का सुळा उगवतो आणि दोघांच्या फटीत घाण साचत जाते. असा दात काढावा लागतो; नसबंदीची शस्त्रक्रिया ठरलेली असेल तर त्याच भुलेत तो काढता येतो का, हे डॉक्टरांना विचारावे.

२. कीटण कसे बनते हे समजून घ्या

दात स्वच्छ केल्यानंतर काही तासांतच त्यांवर जंतूंचा चिकट थर बसू लागतो. हा थर ब्रशने निघतो. तो तसाच राहिला तर लाळेतले कॅल्शियमचे क्षार त्यात मुरतात आणि दोन-तीन दिवसांत त्याचे कडक कीटण होऊ लागते, जे ब्रशने निघत नाही. कुत्र्याची लाळ माणसाच्या लाळेपेक्षा अधिक अल्कधर्मी असते. त्यामुळे त्याच्या दातांना कीड सहसा लागत नाही, पण कीटण मात्र भराभर धरते.

दातावर दिसणारे कीटण कुरूप असले तरी स्वतः फारसे नुकसान करत नाही. नुकसान करतात ते हिरडी आणि दात यांच्या फटीत शिरलेले जंतू. त्यांच्यामुळे आधी हिरडी सुजते, आणि या पायरीवर सफाई केली तर ती पूर्ववत होते. पुढे दाताला धरून ठेवणारे तंतू आणि हाड झिजू लागतात, आणि एकदा झिजलेले हाड साध्या सफाईने परत येत नाही. डॉक्टर या आजाराच्या चार पायऱ्या मानतात: पहिलीत फक्त हिरडीची सूज, दुसरीत दाताचा आधार एक चतुर्थांशापर्यंत गेलेला, तिसरीत निम्म्यापर्यंत, आणि चौथीत निम्म्याहून अधिक. चौथ्या पायरीवरचा दात बहुधा काढावाच लागतो. लहान जातींच्या कुत्र्यांत खालच्या मोठ्या दाढेभोवतीचे हाड इतके पातळ होऊ शकते की साध्या उडीनेही जबडा मोडतो.

येथे एक सापळा आहे. वास आला की मेडिकलमधून प्रतिजैविकाच्या गोळ्या आणून देणारे लोक आहेत. चार दिवस वास कमी होतो, कीटण आणि त्याखालचे जंतू जागेवरच राहतात, आणि महिन्याभरात वास परत येतो. गळू असेल तर डॉक्टर सफाईच्या आधी किंवा नंतर गोळ्या देतील. गोळ्या सफाईची जागा घेत नाहीत.

३. भुलेशिवाय केलेली सफाई का नको

“आम्ही भूल न देताच दात चकाचक करून देतो” असे सांगणारी ग्रूमिंगची सेवा आता लहान शहरांतही मिळते. भुलेची भीती सगळ्यांनाच वाटते आणि खर्चही कमी सांगितला जातो, त्यामुळे हा पर्याय मोह पाडतो. परंतु जागा कुत्रा हिरडीखाली धारदार अवजार घालू देत नाही, आतल्या बाजूचे दात दाखवत नाही, आणि दुखले की मान हलवतो. मग होते असे की बाहेरचे कीटण खरवडून दात पांढरे दिसतात, मालक समाधानाने पैसे देतो, आणि हिरडीखालचा आजार तसाच वाढत राहतो. खरवडल्याने दातावर पडलेल्या ओरखड्यांना पॉलिश केलेले नसल्यामुळे त्यांवर नवा थर आणखी सहज बसतो. अमेरिकेतील पशुदंतवैद्यांच्या ‘अमेरिकन व्हेटरिनरी डेंटल कॉलेज’ या संस्थेने या प्रकाराविरुद्ध स्पष्ट भूमिका घेतलेली आहे, ती याच कारणांसाठी.

घरी नखाने, नाण्याने किंवा बाजारात मिळणाऱ्या स्टीलच्या आकड्याने कीटण उचकटणे हाही त्यातलाच प्रकार. एखादा पापुद्रा निघतो हे खरे, पण हिरडी फाटते, आणि त्यानंतर कुत्रा तोंडाला हात लावू देत नाही हे वेगळेच.

४. डॉक्टर निवडताना काय विचाराल

पहिली गोष्ट पदवीची. भूल देऊन केलेली सफाई ही शस्त्रक्रियेच्या तोलाची गोष्ट आहे आणि ती नोंदणीकृत पशुवैद्यकानेच करावी, म्हणजे ज्यांच्याकडे बी.व्ही.एस्सी. अँड ए.एच. ही पदवी आणि राज्य पशुवैद्यक परिषदेची नोंदणी आहे त्यांनी. भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा, १९८४ नुसार हीच अट आहे. आपल्याकडे गावोगाव जनावरांना तपासणारे पदविकाधारक पशुधन पर्यवेक्षक असतात, त्यांनाही लोक आदराने डॉक्टरच म्हणतात आणि गायी-म्हशींच्या कामात त्यांचा अनुभव मोठा असतो, पण कुत्र्याला घरी येऊन भूल देऊन दात साफ करणे हे त्यांचे काम नव्हे.

यानंतर दवाखान्यात जाऊन पुढील प्रश्न सरळ विचारावेत. चांगले डॉक्टर या प्रश्नांनी चिडत नाहीत. जे चिडतात, त्यांच्याविषयी तेथेच निर्णय होतो.

• श्वासनलिकेत नळी घालणार का? सफाईच्या यंत्रातून सतत पाणी उडते आणि त्याबरोबर जंतू, रक्त आणि कीटणाचे कण घशात उतरतात. फुगा असलेली नळी श्वासनलिकेत असेल तरच हे फुप्फुसात जाणे थांबते. माझ्या मते हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे, आणि “दहा मिनिटांचे काम आहे, नळी कशाला” हे उत्तर मिळाल्यास तेथे सफाई करू नये.
• भूल फक्त इंजेक्शनची की आयसोफ्लुरेनसारख्या गॅसची? गॅसची भूल कमी-जास्त करणे सोपे जाते. इंजेक्शनची असेल तरी नळी, प्राणवायू आणि सलाइन यांची सोय हवीच.
• भूल चालू असताना दातांचे काम न करता फक्त कुत्र्याच्या श्वासाकडे, हृदयाच्या ठोक्यांकडे आणि तापमानाकडे पाहणारी दुसरी व्यक्ती असेल का? रक्तातला प्राणवायू दाखवणारे यंत्र लावतात का?
• हिरडीखाली सफाई आणि शेवटी पॉलिशिंग करतात का? दातांचा एक्स-रे काढण्याची सोय आहे का?
• वीज गेली तर? सफाईचे यंत्र आणि मॉनिटर दोन्ही विजेवर चालतात. आपल्याकडे हा प्रश्न कोणालाही अनाठायी वाटणार नाही.

सोलापुरात स्केलिंग, म्हणजे यंत्राने कीटण काढण्याचे काम, करणारे खासगी दवाखाने आहेत, पण गॅसची भूल आणि दातांचा एक्स-रे ही दोन्ही एकाच छताखाली मिळतीलच असे गृहीत धरू नये. हिरडीची सूज आणि वरवरचे कीटण एवढेच असेल तर शहरातल्या दवाखान्यात काम उत्तम होते. डोळ्याखाली सूज, अनेक हलणारे दात, मोडलेली दाढ किंवा जोडीला हृदयाचा आजार असेल तर सुमारे २५० किलोमीटरवरचे पुणे गाठावे, किंवा महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाच्या शिरवळ, उदगीर अथवा मुंबईतील परळ येथील महाविद्यालयांच्या रुग्णालयांत शल्यचिकित्सा विभागाकडे फोनवर चौकशी करून जावे. न विचारता गाडी काढून निघू नये. ज्या दिवशी त्या विभागाची वेळ नसेल, त्या दिवशीचा प्रवास कुत्र्यालाही त्रासाचा आणि तुम्हालाही.

खर्चाचा अंदाज लेखी घ्यावा आणि त्यात रक्ततपासणी, भूल, सफाई, एक्स-रे, दात काढावा लागल्यास दर दाताचे शुल्क आणि नंतरची औषधे वेगवेगळी लिहून घ्यावीत. “स्केलिंगचे एवढे” असा एकच आकडा सांगितला गेला असेल तर त्यात यांपैकी काय धरले आहे हे विचारल्याशिवाय दोन दवाखान्यांची तुलनाच होऊ शकत नाही.

५. रक्ततपासणी टाळू नका

मूत्रपिंड, यकृत, साखर आणि रक्तातील पेशी, एवढ्या तपासण्या भुलेपूर्वी साधारणपणे सांगितल्या जातात. भुलेच्या इंजेक्शनमधली औषधे शरीराबाहेर टाकण्याचे काम मुख्यतः यकृत आणि मूत्रपिंड करतात, त्यामुळे त्यांची अवस्था माहीत नसताना भूल देणे हा अंधारातला प्रकार ठरतो. हृदयाच्या ठोक्यांत खरखर ऐकू येत असेल किंवा कुत्रा वयस्कर असेल तर डॉक्टर ईसीजी किंवा इको सांगतात.

आपल्या भागात मात्र या यादीतली एक गोष्ट इतर सगळ्यांहून महत्त्वाची आहे, ती म्हणजे प्लेटलेटची, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशींची, संख्या. सोलापूरच्या कोरड्या, उष्ण हवेत कुत्र्यांवर तपकिरी गोचीड वर्षभर असते, आणि तिच्यामुळे होणाऱ्या गोचीड तापात, विशेषतः एर्लिकिया या जंतूच्या संसर्गात, प्लेटलेट घटतात. हा संसर्ग ताप न येता, कुत्रा हिंडता-फिरता असतानाही महिनोन् महिने अंगात राहू शकतो. सफाई करताना सुजलेल्या हिरडीतून रक्त येतेच. दात काढावा लागला तर जखम होतेच. आणि प्लेटलेट कमी असतील तर ते रक्त लवकर थांबत नाही. म्हणून प्लेटलेट कमी निघाल्यास डॉक्टर गोचीड तापाची चाचणी करून आधी उपचार करतात. एर्लिकियावर साधारण चार आठवडे डॉक्सीसायक्लिन हे प्रतिजैविक द्यावे लागते, म्हणजे सफाई तेवढी पुढे जाते. हा उशीर सोसावा. “वास फार येतो, लवकर उरकून टाका” असा आग्रह डॉक्टरांना करू नये.

बंड्याच्या पहिल्या तपासणीत प्लेटलेट कमी निघाल्या होत्या, अंगावर एकही गोचीड दिसत नसताना. त्यामुळे रक्ततपासणी सफाईच्या दिवशी सकाळी न करता आठवडाभर आधी करावी, असे माझे ठाम मत आहे. त्याच सकाळी अहवाल वाईट आला तर उपाशी ठेवलेला कुत्रा तसाच घरी न्यावा लागतो, किंवा मग सगळेच “आता आलोच आहोत तर करून टाकू” या मोहात पडतात.

जातीविषयीही डॉक्टरांशी स्पष्ट बोलावे. आपल्या पट्ट्यात कारवान आणि पश्मी पाळणारे पुष्कळ आहेत. या सडपातळ शिकारी कुत्र्यांच्या अंगात चरबी अगदी कमी असते आणि थायोपेंटोनसारख्या जुन्या औषधाच्या भुलेतून हे कुत्रे फार उशिरा बाहेर येतात. त्यांच्यासाठी दुसरे औषध निवडावे लागते. पग, शित्झू अशा चपट्या तोंडाच्या कुत्र्यांची श्वासाची वाट मुळातच अरुंद असते, त्यामुळे भूल उतरताना त्यांच्यावर अधिक काळ लक्ष ठेवावे लागते.

६. दिवस विचारपूर्वक ठरवा

मार्च ते मे या काळात, अगदी निकड नसेल तर, सफाई करू नये. पारा चाळिशीच्या पुढे असतो आणि भुलेतून बाहेर येणाऱ्या कुत्र्याला अंगाचे तापमान सांभाळता येत नाही. जुलै ते फेब्रुवारी हा काळ बरा. उन्हाळ्यातच करावी लागली तर सकाळची पहिली वेळ मागावी आणि संध्याकाळी ऊन उतरल्यावर कुत्र्याला घरी न्यावे.

हिवाळ्यातही दोन आठवडे वगळावेत: दिवाळीचा आणि गड्ड्याच्या यात्रेचा. संक्रांतीच्या सुमारास होम मैदानावर शोभेचे दारूकाम होते, तेव्हा सिद्धेश्वर तलावाच्या आसपास राहणाऱ्यांच्या घरातले कुत्रे एरवीही पलंगाखालून बाहेर येत नाहीत. तोंडात टाके घातलेल्या कुत्र्याला त्यात टाकू नये. आणि दुसऱ्या दिवशी घरातले कोणीतरी माणूस घरी थांबू शकेल असाच दिवस निवडावा.

७. सोबत काय न्यावे

लसीकरणाचे कार्ड, रक्ताचे अहवाल, आधीच्या आजारांची कागदपत्रे, आणि चालू असलेल्या सर्व औषधांची नावे मात्रेसह. गोचिडांच्या गोळ्या, सांधेदुखीच्या गोळ्या आणि कोणी सुचवलेली आयुर्वेदिक पावडरही या यादीत लिहावी. पट्टा, साखळी, तोंडाची जाळी, जुनी चादर, दोन टॉवेल आणि थंडीत एक घोंगडी. तुमचा फोन दिवसभर चालू हवा, कारण भूल दिल्यानंतरच अनेक निर्णय घ्यावे लागतात.

संमतिपत्र वाचून सही करावी. दात काढण्याविषयी आधीच बोलून घ्यावे: “हलणारे दात काढा, पण पक्का दिसणारा दात काढायचा असेल तर आधी फोन करा” अशी सूचना लेखी देता येते. फोन लागला नाही तर काय करायचे, हेही तेथेच लिहावे.

८. आदली रात्र आणि सकाळ

भुलेपूर्वी साधारण ६ ते ८ तास अन्न देऊ नये. पाणी बहुधा सकाळपर्यंत चालते. पिल्लू, अगदी लहान जातीचा कुत्रा आणि मधुमेही कुत्रा यांच्यासाठी वेळा वेगळ्या असतात, त्या डॉक्टरांकडूनच घ्याव्यात. पोटात अन्न असताना भूल दिली आणि उलटी झाली तर ती फुप्फुसात जाण्याचा धोका असतो, हे घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवावे. “बिचारा उपाशी आहे” म्हणून पहाटे आजी-आजोबांच्या हातून एखादे बिस्किट जाते आणि ते कोणी सांगत नाही. असे झाले असेल तर दवाखान्यात खरे सांगावे. सफाई दुसऱ्या दिवशी होईल, एवढेच.

हृदयाच्या किंवा फिट्सच्या रोजच्या गोळ्या सकाळी द्यायच्या की नाही, हे आदल्या दिवशी विचारावे. स्वतःहून बंद करू नयेत.

९. आत काय काय होते

तुम्ही बाहेर बसलेले असताना साधारण पुढीलप्रमाणे काम चालते. हे माहीत असले म्हणजे नंतर नेमके प्रश्न विचारता येतात. आधी शांत करणारे इंजेक्शन, मग पायाच्या शिरेत सुई बसवून सलाइन, मग भूल आणि श्वासनलिकेत नळी. डोळे कोरडे पडू नयेत म्हणून मलम लावतात. तोंड सतत ओले राहिल्यामुळे लहान कुत्र्याचे अंग लवकर गार पडते, म्हणून ऊब द्यावी लागते, आणि ती बाहेर कडक ऊन असतानाही लागते.

मग अल्ट्रासोनिक स्केलर. त्याचे टोक अतिशय वेगाने कंप पावते आणि कीटण फोडते. कंपनाने उष्णता होते, म्हणून त्यावर पाण्याचा फवारा हवा आणि एका दाताला ते सलग १०-१५ सेकंदांहून अधिक टेकवू नये, नाहीतर दाताच्या आतली नस भाजते. यानंतर येते ते हिरडीखालचे काम: बारीक खुणा असलेली सळई प्रत्येक दाताभोवती फिरवून फट किती खोल आहे हे मोजतात. कुत्र्यात सुमारे ३ मिलिमीटरपर्यंतची फट सामान्य समजली जाते. त्याहून खोल जागा टिपून ठेवतात, आतले कीटण हाताच्या अवजाराने काढतात, आणि एक्स-रे असेल तर मुळाची स्थिती पाहतात. शेवटी पॉलिशिंग करून, तोंड धुऊन, घशात कापूस किंवा गॉज ठेवला असेल तो काढला जातो.

बंड्याच्या त्या वरच्या दाढेवरचे कवच डॉक्टरांनी मला नंतर कागदावर ठेवून दाखवले. बाहेरून खडबडीत, आतून दाताच्या आकाराप्रमाणे गुळगुळीत खोलगट, शेंगदाण्याच्या अर्ध्या टरफलासारखे. ते निघाल्यावर खाली हिरडी वर सरकलेली आणि दाताचे पिवळसर मूळ उघडे पडलेले दिसले. कीटण काढल्यामुळे मूळ उघडे पडले, असे अनेकांना वाटते आणि डॉक्टरांना दोष दिला जातो. प्रत्यक्षात मूळ आधीच उघडे झालेले असते, कीटणाने ते झाकलेले असते एवढेच.

घरी निघण्यापूर्वी दातांचा तक्ता मागून घ्यावा: कोणते दात काढले, कोणते हलतात, कोठे फट खोल आहे. पुढच्या वर्षीच्या डॉक्टरांना, ते हेच असोत वा दुसरे, या एका कागदाचा जितका उपयोग होतो तितका कोणत्याही फोटोचा होत नाही.

१०. घरी आल्यानंतरचे दिवस

त्या दिवशी कुत्रा झोपाळू आणि डगमगता असतो. त्याला जिन्यावर किंवा गच्चीवर सोडू नये, फरशीवर चादर घालून खालीच ठेवावे. पूर्ण शुद्धीवर आल्यावर आधी थोडे पाणी, ते पोटात राहिले तर थोडा मऊ आहार. लाळेत दिवसभर गुलाबी छटा दिसणे आणि नळीमुळे एक-दोन दिवस हलका खोकला येणे यांत घाबरण्यासारखे काही नाही. लाल रक्त थेंबाथेंबाने गळत राहणे, हिरड्या पांढऱ्या पडणे, वारंवार उलट्या, धाप, किंवा दुसऱ्या दिवशी सकाळीही न उठणे, यांपैकी काही दिसल्यास फोनवर वेळ न घालवता दवाखाना गाठावा.

दात काढले असतील तर साधारण दोन आठवडे मऊ खाणे द्यावे. दहीभात, मऊ शिजवलेला भात आणि उकडलेल्या चिकनचे बारीक तुकडे, किंवा नेहमीचे दाणे कोमट पाण्यात भिजवून. घरच्या आमटीचा किंवा रश्श्याचा हात लागू देऊ नये, कारण कांदा आणि लसूण कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी फोडतात. शेंगाचटणीचे बोट चाटवणेही याच कारणासाठी बंद.

दुखण्यासाठी डॉक्टरांनी दिलेलेच औषध, दिलेल्याच मात्रेत. आपल्या औषधाच्या डब्यातली आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक किंवा पॅरासिटामॉल देऊ नये. मेलॉक्सिकॅम हे नाव कुत्र्याच्या चिठ्ठीवर असते म्हणून माणसांसाठीची गोळी आणून देण्याचा प्रकारही घडतो. ती गोळी लहान कुत्र्याच्या मात्रेच्या कितीतरी पट असते.

११. पुढची सफाई लांबवण्यासाठी

थर पुन्हा काही तासांत बसू लागतो, त्यामुळे घासणे रोजचे हवे. हिरड्या बऱ्या झाल्याचे डॉक्टरांनी सांगितल्यावर सुरुवात करावी. पहिले काही दिवस नुसते बोट, मग बोटाला गुंडाळलेले ओले फडके, मग मऊ ब्रश. ब्रश हिरडीकडे तिरका धरून फक्त बाहेरची बाजू घासली तरी पुरते. आतली बाजू जीभ बऱ्यापैकी सांभाळते. पेस्ट कुत्र्यांसाठीचीच घ्यावी. आपल्या पेस्टमधला फ्लोराइड आणि फेस कुत्रा गिळतो, आणि काही पेस्टमध्ये झायलिटॉल असते, ज्याने कुत्र्याची रक्तातली साखर झपाट्याने उतरते आणि यकृत निकामी होऊ शकते. पेस्ट नसेल तर साध्या पाण्याने घासावे. काम ब्रशच्या घासण्यानेच होते.

कडक भाकरीविषयी लिहिणे येथे भाग आहे, कारण सोलापुरात हा सल्ला घरोघरी मिळतो: “कडक भाकरी टाका, दात आपोआप घासले जातात.” कडक भाकरी दाताच्या टोकाला लागताच मोडते, हिरडीच्या कडेपर्यंत घासत पोहोचतच नाही, आणि तिचा चुरा दाढांच्या फटीत बसून राहतो. खायला देण्यात काही गैर नाही, दात घासल्याचे समाधान मात्र त्यातून मिळवू नये. नळीचे हाड, शिंग, खूर यांबद्दल मी अधिक कठोर आहे. यांवर चावताना वरच्या मोठ्या दाढेचा टवका उडतो, नस उघडी पडते, आणि मग सफाईवर भागत नाही, दात काढावा लागतो. शिजवलेले हाड तर टोकदार फुटून आतड्याला भोक पाडू शकते. चघळायची वस्तू अंगठ्याच्या नखाने दाबली असता थोडी तरी दबली पाहिजे. दबत नसेल तर ती देऊ नये. दातांसाठीच्या च्यूस्टिक विकत घेताना व्हेटरिनरी ओरल हेल्थ कौन्सिलची मान्यता पाकिटावर आहे का ते पाहावे, आणि त्यातले उष्मांक रोजच्या जेवणातून वजा करावेत.

दर महिन्याला एकदा ओठ उचलून ती वरची दाढ पाहावी आणि त्याच कोनातून फोनवर फोटो काढून ठेवावा. लसीकरणासाठी वर्षातून एकदा जाताच, तेव्हा दातांचा तक्ता सोबत न्यावा आणि डॉक्टरांकडून तोंड तपासून घ्यावे. मोठ्या जातींना पुढची सफाई कधीकधी उशिरा लागते. स्पिट्झ, पग, शित्झू यांना दरवर्षी लागू शकते, आणि रोज घासूनही लागली तर त्यात तुमचे काही चुकले असे नाही, त्या जातींच्या लहान जबड्यात ४२ दातांची दाटीच तशी असते.